सही आपली, किल्ली कोणाची?

(एस. वाय. बी. ए.)

"नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा!" हा उपदेश आजच्या तरुणाला जितक्या वेळा ऐकावा लागतो तितका दुसरा कोणताही क्वचितच ऐकावा लागत असेल. गॅदरिंगचे प्रमुख पाहुणे तो करतात, वर्तमानपत्रांचे अग्रलेख तो करतात, आणि १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' सुरू झाल्यापासून सरकारही तो करीत आले आहे. उपदेश वाईट नाही. परंतु अलीकडे त्याच्या शेपटीला आणखी एक वाक्य चिकटले आहे. "आजच कंपनी काढा, घरबसल्या, अमुक रुपयांत!" हे वाक्य पाहुणे म्हणत नाहीत, ते मोबाइलच्या पडद्यावरून येते, दिवसातून दहादा येते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या वाक्याविषयी आहे.

आपल्या पालघर-बोईसरच्या मुलांना 'कंपनी' हा शब्द परका नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, शेजारी एम.आय.डी.सी. उभी राहिली, आणि आमच्यासारख्यांच्या घरी 'कंपनीत जाणे' म्हणजे कामावर जाणे असा अर्थ रूढ झाला. लहानपणी वडिलांचा डबा पोहोचवताना फाटकांवरच्या पाट्या वाचत मी इंग्रजी अक्षरे पक्की केली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' असे. ते शब्द मालकाचे. आपल्या वाट्याला 'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द, अशी आमची समजूत होती. आज तेच शब्द आमच्या आळीतल्या मुलाच्या खोलीच्या दारावर लागू शकतात. ही गोष्ट लहान नाही, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण जो शब्द दारावर लावायचा त्याचा अर्थ आधी कळायला हवा.

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही माणसांहून वेगळी अशी एक 'व्यक्ती' आहे. लंडनच्या सॉलोमन नावाच्या बूट बनविणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने हे तत्त्व पक्के केले. १८९७ सालच्या निवाडासंग्रहात तो खटला छापला गेला आणि आजही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तो शिकवतात. कंपनी बुडाली तर भागधारकाचे नुकसान त्याच्या भागांच्या रकमेपुरते. घरातली भांडी सहसा जप्त होत नाहीत. 'लिमिटेड' म्हणजे एवढेच, आणि हा मोठा आधार आहे. मात्र व्यक्ती जन्माला घातली की तिला दरवर्षी पोसावे लागते. जाहिरात बारशाचा खर्च सांगते, पोसण्याचा सांगत नाही.

हे बारसे कसे होते ते थोडक्यात पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एकट्या माणसासाठी 'एकव्यक्ती कंपनी'ची सोय त्याच कायद्याने केली. पूर्वी किमान एक लाख रुपये भांडवल लागे. ती अट २०१५ च्या दुरुस्तीने गेली. २००६ सालापासून कंपनी खात्याचे अर्ज संगणकावरून भरता येऊ लागले, आणि फेब्रुवारी २०२० पासून 'स्पाइस प्लस' या एकाच अर्जात नाव, नोंदणी, पॅन, टॅन आणि बँक खाते एवढे सारे मागता येते. अधिकृत भांडवल पंधरा लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची सरकारी फी शून्य आहे. नाव राखून ठेवण्यासाठी एक हजार रुपये, शिवाय राज्याचे मुद्रांक शुल्क. अर्ज हरियाणातल्या मानेसर येथील केंद्रात तपासले जातात. म्हणजे जे काम करायला एके काळी आपल्याकडचा माणूस पहाटेची गाडी पकडून मुंबईला हेलपाटे घालीत असे, ते आज बोईसरच्या खोलीतून होऊ शकते. विरारची लोकल डहाणूपर्यंत यायलाही २०१३ साल उजाडावे लागले होते, हे आठवले म्हणजे या सोयीची किंमत कळते.

मग मध्ये ऑनलाइन सेवा देणारे कशाला? एक कारण असे की अर्जातली भाषा आणि कलमे सामान्य माणसाला झेपत नाहीत. दुसरे कारण कायद्यातच आहे. नोंदणीच्या कागदांबरोबर वकील, सनदी लेखापाल म्हणजे सी.ए., कंपनी सेक्रेटरी किंवा परिव्यय लेखापाल यांपैकी कोणा व्यावसायिकाचे प्रतिज्ञापन लागतेच. 'इंडियाफाइलिंग्ज', 'क्लिअरटॅक्स' यांसारख्या संस्था अशा व्यावसायिकांची आणि गिऱ्हाइकाची गाठ घालून देतात, कागद तयार करतात, पाठपुरावा करतात. परदेशातही हीच रीत आहे. 'स्ट्राइप' या कंपनीने २०१६ साली 'ॲटलास' नावाची सेवा काढली आणि जगातल्या कोणत्याही कोपऱ्यातल्या माणसाला अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात कंपनी नोंदवण्याची वाट करून दिली. मध्यस्थ असणे हा गुन्हा नव्हे. आपल्या समाजात लग्नापासून जमिनीपर्यंत मध्यस्थावाचून काही होत नाही! प्रश्न इतकाच, की मध्यस्थ निवडायचा कोणत्या कसोटीवर? आपली मुले तो एकाच कसोटीवर निवडतात. जो स्वस्त तो चांगला.

या स्वस्ताईची कहाणी मी घरातच पाहिली. माझा दादा आय.टी.आय. झालेला वायरमन. त्याच्याबरोबर एक वेल्डर आणि एक बी. कॉम. होऊन घरी बसलेला मित्र. तिघांनी ठरवले, की कारखान्यांच्या मोटारी आणि पॅनेल यांच्या देखभालीची कामे ठेकेदारामार्फत न घेता स्वतः घ्यायची. विचार उत्तम होता. मोबाइलवर जाहिरात आली, ९९९ रुपयांत कंपनी. पुढे 'सरकारी खर्च', 'सहीचा खर्च', 'पॅकेज' असे करीत आकडा नऊ-दहा हजारांवर गेला. तेही एक वेळ ठीक. महिन्याभरात प्रमाणपत्र आले, आईने पेढे वाटले, दादाने त्या प्रमाणपत्राला काच बसवून घेतली.

वर्ष उलटल्यावर इंग्रजीत ई-मेल येऊ लागले, तेही दादाच्या पत्त्यावर नव्हे. त्या सेवावाल्यांनी अर्जात स्वतःचाच पत्ता घातला होता, आणि तिकडून कधीतरी एखादा पुढे सरकवला जाई. "तू कॉलेजात जातेस ना? वाच बरं," म्हणून दादाने कागद माझ्यापुढे टाकले. घटनापत्रक वाचू लागले तो कंपनीचा मुख्य उद्देश 'संगणक प्रणाली तयार करणे' असा! कोणाच्या तरी कागदाची नक्कल करून नाव तेवढे बदलले होते. संचालकांच्या डिजिटल सह्या ज्या टोकनमध्ये असतात ती टोकने तिघांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ती 'सुरक्षिततेसाठी' सेवावाल्यांकडेच होती. वार्षिक विवरणपत्रे भरलेली नव्हती, आणि विलंबशुल्क अठ्ठावीस हजारांच्या घरात गेले होते. आमच्या वडिलांचा तो जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट पुढेच आहे. ज्या कारखान्याचे काम मिळावे म्हणून हा खटाटोप केला, त्या कारखान्याला कंपनी नकोच होती. त्यांना हवा होता जी.एस.टी. क्रमांक आणि बिलाचे पुस्तक. ते एकट्या मालकाच्या धंद्यालाही मिळते आणि त्या नोंदणीला सरकार एक पैसा घेत नाही.

कोणी म्हणेल, हे एका घराचे दुर्दैव. त्यावरून सिद्धान्त कशाला? तर पुढचा हिशेब पाहा. कंपनीची उलाढाल शून्य असली तरी तिचे लेखापरीक्षण सक्तीचे आहे. नोंदणीनंतर तीस दिवसांत लेखापरीक्षक नेमावा लागतो. भागांचे पैसे जमा झाल्याचे निवेदन एकशे ऐंशी दिवसांत द्यावे लागते, त्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही. दरवर्षी जमाखर्चाचा एक आणि वार्षिक विवरणाचा एक असे दोन फॉर्म भरावे लागतात. उशीर झाल्यास प्रत्येक फॉर्ममागे रोज शंभर रुपये, म्हणजे दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये! सलग तीन वर्षे विवरण दिले नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ साली कंपनी खात्याने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढून टाकली आणि तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरवले. त्यांत काळा पैसा फिरवणाऱ्या कागदी कंपन्या होत्याच. पण नियम सर्वांना एकच असतो, आणि ज्याला तो कोणी सांगितलाच नाही त्यालाही तो लागू होतो.

मला सर्वांत अधिक टोचली ती सहीची गोष्ट. सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकेच बळ दिले आहे. टोकन ज्याच्या हाती आणि त्याचा गुप्त आकडा ज्याला ठाऊक, तो आपल्या नावाने काहीही कबूल करू शकतो. आपल्या या मुलखाला अशा सहीचा इतिहास आहे. लग्नासाठी कर्ज काढायचे, कागदावर अंगठा उठवायचा आणि मग बायकोसकट जन्मभर सावकाराच्या शेतावर राबायचे, ही 'लग्नगडी'ची चाल याच जिल्ह्यातल्या वारली समाजाने भोगली. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने तलासरीकडच्या झरी गावी सभा घेतली, तेथून वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला आणि ती चाल मोडली. त्या अंगठ्याची आणि आजच्या टोकनाची तुलना जपूनच केली पाहिजे. त्या गड्याला दुसरा मार्ग नव्हता, दादाला होता. जुलूम आणि गैरसोय एकाच तराजूत घालू नयेत. परंतु एक धागा समान आहे. ज्या कागदावर आपण बांधले जातो तो आपल्याला वाचता येत नाही, आणि वाचता येणारा माणूस समोरच्या बाजूला बसलेला असतो. हा धागा तोडावा म्हणून तर आपल्या आईबापांनी आपल्याला शाळेत घातले ना?

म्हणून माझे मत असे आहे, की 'कोणत्या सेवेकडून कंपनी नोंदवावी?' हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न 'कंपनी हवी का?' हा आहे. सुरुवातीला एकट्याच्या नावावर धंदा करण्यात कमीपणा नाही. जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाच्या आधारे फुकट होते. तिचेही पैसे उकळणारे आहेत, तेवढे सांभाळावे. दोघे-तिघे असतील तर १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी आहे. मात्र ती नोंदवलेली बरी, कारण नोंद नसेल तर बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर करारापोटी दावा लावता येत नाही. जबाबदारी मर्यादित हवी आणि कागदांचा व्याप कमी हवा तर २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी आहे; तिला उलाढाल चाळीस लाखांच्या आणि भांडवल पंचवीस लाखांच्या आत असेपर्यंत लेखापरीक्षणाची सक्ती नाही, वार्षिक विवरणे मात्र भरावीच लागतात. पुष्कळांनी मिळून करायचे असेल तर सहकार आहेच. आपल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्थाच उभारल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते कोणा एका खाजगी कंपनीच्या नावावर नव्हे, तर उत्पादकांच्या संघाच्या नावावर.

आणि मोठ्यांचे उदाहरण हवे असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे घ्या. त्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली १९२० साली. म्हणजे दुकानापासून 'लिमिटेड'पर्यंत बत्तीस वर्षे! आधी नांगर, मग पाटी. आपण मात्र आधी पाटी रंगवतो आणि मग नांगर कोठे मिळेल याची चौकशी करतो.

अर्थात कंपनी कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. बाहेरचे भांडवल घ्यायचे असेल, भागीदार बरेच असतील, धंद्यात अपघाताची किंवा मोठ्या नुकसानीची जोखीम असेल, तर कंपनीसारखे कवच नाही. एम.आय.डी.सी.च्या परिसरात ही जोखीम काय असते ते आपल्याला कोणी सांगायला नको. अशा वेळी सेवा निवडताना काही प्रश्न निर्भीडपणे विचारावेत. सरकारी फी किती आणि तुमची मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून द्याल का? प्रतिज्ञापन कोण व्यावसायिक देणार, त्याचे नाव आणि सदस्य क्रमांक काय? (तो खरा की खोटा हे त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते.) अर्जात ई-मेल आणि मोबाइल माझाच घालाल ना? सहीचे टोकन कोणत्या दिवशी माझ्या हाती येईल? उद्देशाचे कलम भरण्यापूर्वी मला मराठीत समजावून सांगाल का? पुढच्या तीन वर्षांचा खर्च किती? आणि उद्या मला दुसऱ्याकडे जायचे झाले तर सारे कागद मुकाट्याने परत द्याल का? ज्या सेवेकडे या प्रश्नांची लेखी उत्तरे आहेत ती हजार रुपयांनी महाग असली तरी स्वस्त आहे. जी उत्तरे टाळते ती फुकट असली तरी परवडणारी नाही. खोलीमालकाकडून लाइटबिल आणि ना-हरकत पत्र आणायला जसे आपण चारदा जातो, तसे या उत्तरांसाठीही चारदा फोन करावा.

यावर आमच्या बी. कॉम. मित्राचे म्हणणे असे, की इतके प्रश्न विचारत बसलो तर धंदा करणार कधी? श्रीमंताचा मुलगा न विचारताच उडी मारतो. खरे आहे. पण श्रीमंताच्या मुलाच्या घरी सी.ए. चहाला येतो, त्याने न विचारलेला प्रश्न तो सी.ए. विचारतो. आपल्या घरी तो प्रश्न विचारणारे दुसरे कोणी नाही. गरिबाला ठेच लागली की शहाणपण येते, असे म्हणतात. पण त्या ठेचेची किंमत अठ्ठावीस हजार असेल तर शहाणपण येईपर्यंत हिंमत संपलेली असते. दादाने आता पैसे हप्त्याने जमवून विवरणपत्रे भरली, टोकने परत मिळवली, आणि कामे मात्र स्वतःच्या नावावर घेतो. कंपनी ठेवायची की रीतसर बंद करायची, याचा विचार चालू आहे. बंद करायलाही अर्ज आहे आणि त्यालाही फी आहे!

शेवटी आपल्या कला शाखेविषयी. "बी. ए. करून काय करणार?" असे एम.आय.डी.सी.च्या गावात आपल्याला वरचेवर ऐकावे लागते. मला त्याचे एक उत्तर सुचते. आपण तीन वर्षे करतो काय? उतारा वाचतो, त्याचा आशय काढतो, तो आपल्या भाषेत मांडतो. घटनापत्रक हाही उताराच आहे. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरात कागद वाचणारी ही पहिलीच पिढी आहे, आणि आळीतला प्रत्येक कागद फिरून आपल्याच हाती येणार आहे. म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या महाविद्यालयात वाङ्मय मंडळ जसे आहे तसे एक 'कागद वाचन मंडळ' असावे. महिन्यातून एका शनिवारी वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांनी तासभर द्यावा, आपण विद्यार्थ्यांनी वाचायला बसावे, आणि गावातल्या कोणाही तरुणाने सही करण्यापूर्वी आपला कागद तेथे आणावा. मग तो कंपनीचा असो, कर्जाचा असो की कंत्राटाचा. याला अनुदान लागत नाही, फक्त एक वर्ग उघडा लागतो. शिपाईकाकांना शनिवारी दुपारी तेवढी एक खोली उघडी ठेवायला सांगितले, तरी येत्या सत्रापासून सुरुवात करता येईल.